खंडेनवमीची खोलाखोल

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विमानांच्या देखभालीवर लिहावे, याचे काहींना हसू येईल. पण आमची पिठाची गिरणी आहे, आणि या विषयाशी माझा संबंध तिथूनच आला. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी आबा फिटरला बोलावून चालती मोटार खोलतात, बेअरिंग बदलतात. पूजा होते, आणि बहुतेक वर्षी दिवाळीच्या ऐन गर्दीत, भाजणीचे डबे रांगेत असताना, मोटार बंद पडते. आबा म्हणतात, "दृष्ट लागली." गेल्या वर्षी त्या दुरुस्तीत माझ्या फीचे पैसे गेले.

अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र वाचताना वॅडिंग्टन यांची हकिकत भेटली. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करीत. तेथील लिबरेटर विमानांची दर ५० उड्डाण-तासांनी तपासणी होई. अचानक उद्भवणारे बिघाड त्यांनी तपासणीनंतरच्या तासांप्रमाणे मांडून पाहिले. तपासणीचा उपयोग असेल तर तिच्यानंतर बिघाड कमी व्हावेत, पुढची जवळ येईल तसे वाढावेत. दिसले उलटेच! तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वांत जास्त, मग उतरत जाणारे. म्हणजे खोलाखोलच नडत होती.

पण हा योगायोग कशावरून नाही? संख्याशास्त्र नेमके हेच विचारते. आधी धरून चालायचे की तपासणीचा बिघाडाशी काही संबंध नाही. मग एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता मोजायची. ती फार थोडी निघाली तरच गृहीत सोडायचे.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांच्या आकडेवारीत ८९ टक्के भागांना ठराविक मुदतीनंतर खोलण्याने लाभ होईल असे दिसले नाही. ६८ टक्के भागांत तर बिघाड नवेपणीच अधिक होता. डीसी-८ विमानाच्या ३३९ भागांना मुदतीची खोलणी होती, नंतरच्या डीसी-१० मध्ये फक्त ७ भागांना.

'हात लावूच नका' असा अर्थ यातून काढणे मात्र आळशीपणाचे होईल. विमानाचे टायर झिजतातच. आमच्या दगडालाही टाकी लावावी लागते. पीठ जाडे येऊ लागले की कळते. झिजणारे कोणते आणि न झिजणारे कोणते हे मोजदादीनेच ठरवावे, रिवाजाने नव्हे. आपल्या वर्गात आकड्यांना रुक्ष म्हणण्याची फॅशन आहे. ज्याची फी एका बेअरिंगवर टांगलेली असते त्याला ती परवडत नाही.

यंदा मी म्हणालो, "आबा, मोटार खोलू नका." ते म्हणाले, "शिकून हेच शिकलास होय रे?" दोन दिवस अबोला. शेवटी मोटार बाहेरून पुसली, चालवून आवाज ऐकला, हळद-कुंकू वाहिले. दिवाळी सुरळीत पार पडली. आबा खूश, पण एका वर्षावरून काहीच सिद्ध होत नाही, असे मीच सांगितल्यावर पुन्हा रागावले. तरी उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतः दोन रकाने आखले आहेत : खोलल्याची तारीख आणि बंद पडल्याची तारीख.