मेल सर्व्हर थेट इंटरनेटवर नको

घरून काम करणाऱ्यांना मेल पाहता यावा म्हणून सर्व्हरचे लॉगिन पान इंटरनेटवर उघडे टाकायचे आणि पासवर्डवर भिस्त ठेवायची, ही सवय मार्च २०२१ मध्ये हजारो कंपन्यांना भोवली. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या त्रुटींचा फायदा घेत हल्लेखोर पासवर्ड न देताच पोर्ट ४४३ वरून आत शिरले. तिथे ओटीपी काय करणार? सर्व्हर व्हीपीएनमागे असता तर बाहेरच्याला ते पान दिसलेच नसते. व्हीपीएनमध्येही त्रुटी निघतात, हा आक्षेप खराच. त्याच वर्षी पल्स सिक्युअर या व्हीपीएनमध्ये निघाल्या. पण तिथून घुसलेल्यापुढे मेलचे लॉगिन निदान शिल्लक असते. कर्मचाऱ्यांची कटकट म्हणाल, तर व्हीपीएनचे ॲप एकदा बसवले की ती फारशी राहत नाही. पॅच आला त्याच दिवशी लावणारा माणूस मात्र पगारावर ठेवावा लागतो, आणि लहान कंपन्या नेमका तिथेच हात आखडतात.