आपला वणवा आणि उत्तरेचा वणवा

बोरीवली-मुलुंडकडे राहणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या रात्री संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावर वणव्याची लाल रेघ सरकताना पाहिली असेल. २०१८ च्या डिसेंबरात तर गोरेगावला आरेलगतचा डोंगरउतार पेटला होता. मग शाळेच्या निबंधात एक वाक्य हमखास येते: जंगल पेटले, कार्बन डायऑक्साइड वाढला, पृथ्वी तापली. माझ्या मते हे वाक्य बोरीवलीला लावू नये. ते कॅनडा-सायबेरियासाठी राखून ठेवावे.

आपल्याकडे जळते ते मुख्यतः वाळलेले गवत आणि पालापाचोळा. त्यांतून गेलेला बराचसा कार्बन पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत नवे गवत आणि पाने परत ओढून घेतात. शिवाय आपल्या उष्ण, दमट हवेत वाळवी आणि बुरशी पाचोळा फार साठू देत नाहीत.

उत्तरेकडील सूचिपर्णी अरण्यांत सारे उलटे. थंडीमुळे तेथे कुजण्याची क्रिया इतकी मंद, की शेवाळ, सुया, मुळ्या यांचे थर शतकानुशतके साठत जातात. आग लागली की झाडांबरोबर जमीनही जळते. कधी ती बर्फाखाली हिवाळाभर धुमसते आणि वसंतात पुन्हा वर येते! वरचा थर गेला की खालची कायम गोठलेली जमीन वितळू लागते आणि तिच्यातला जुना कार्बनही सुटतो. २०२३ साली कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर, म्हणजे जवळजवळ निम्म्या महाराष्ट्राएवढे जंगल जळले. त्यातून सुमारे ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. कोळसा-तेल जाळून वर्षाला याहून अधिक कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि आपण.

जळून उघड्या पडलेल्या जागेवरचे पांढरे बर्फ सूर्यप्रकाश परतवून थोडा गारवा आणते, हेही खरे. हिशेब किचकट आहे. पण ते जंगल पुरते परतायला शतकभर लागते, आणि त्याआधीच दुसरी आग आली तर जमाखर्च जुळत नाही.

मग आपला वणवा विझवू नये काय? अवश्य विझवावा! त्यात रोपे मरतात, सरडे होरपळतात, उघडी माती पहिल्या पावसात वाहून जाते. त्यासाठीच वनकर्मचारी आधी जाळरेषा काढून ठेवतात. पण कारण खरे सांगावे.

शिक्षकांना एक विनंती. उद्यानाची परवानगी घेऊन मे महिन्यात कान्हेरीच्या वाटेकडेला मुलांकडून पाचोळ्याचा थर पट्टीने मोजून घ्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा. उत्तरेच्या अरण्यात हाच थर काही ठिकाणी हातभराहून जाड असतो.