मागचा ब्रेक आणि घाईचे निदान

डोंगरउतारावरील फळबागांत, मळ्यांत आणि काही संशोधन प्रक्षेत्रांवर एटीव्ही हे उघडे, जाड टायरांचे चारचाकी वाहन आता अपरिचित राहिलेले नाही. किडींच्या सर्वेक्षणासाठी फिरणे, कामगंध सापळे लावणे, मागच्या कॅरिअरवर पन्नास-साठ लिटरची टाकी बांधून फवारणी करणे, अशी कामे त्याच्यावर सोपवली जातात. वाहन जुने झाले की मागच्या डिस्क ब्रेकची तक्रार येऊ लागते. ‘मागचा ब्रेक धरत नाही’ एवढ्याच शब्दांत ती सांगितली जाते आणि उपायही तितक्याच थोडक्यात उरकला जातो. पॅड बदलले, ब्रेक ऑइल भरले, संध्याकाळी गाडी पुन्हा उतारावर!

पान पिवळे दिसताच कीटकनाशक फवारावे, तसाच हा प्रकार आहे. पिवळेपणामागे तुडतुडे असतील, कोळी असतील, नत्राची उणीव असेल किंवा मुळाशी हुमणी असेल. पानाला रंग एकच ठाऊक असतो. कमजोर ब्रेक हेही केवळ लक्षण आहे. मात्र हे साम्य एका ठिकाणी संपते. स्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये आर्थिक नुकसान पातळीची कल्पना मांडल्यापासून, थोडी कीड सहन करणे शहाणपणाचे मानले जाते. ब्रेकच्या बाबतीत अशी सहनशीलता परवडणारी नाही. पूर्ण भरलेली टाकी मागे बांधून चालक ओल्या गवतावरून उतरत असतो, तेव्हा पुढची चाके जखडली की सुकाणू निरुपयोगी होते. अशा वेळी भिस्त मागच्या ब्रेकवरच असते.

निदानाची सुरुवात पेडल किंवा लिव्हर दाबताना पायाला व हाताला जे जाणवते त्यापासून व्हायला हवी. दाब स्पंजासारखा मऊ लागत असेल तर नळीत हवा आहे, किंवा रबरी होज पाइप जुना होऊन दाबाखाली फुगत आहे. दाब धरून ठेवला असता पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील सील झिजले आहे. पेडल दगडासारखे घट्ट, पण गाडी थांबत नाही, असे असेल तर द्रवाचा दोष नाही. पॅड चकचकीत होऊन कडक झाले आहेत, त्यांच्यावर ग्रीस किंवा तेल आले आहे, किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना चिखलाने व गंजाने अडकल्याने एकच पॅड डिस्कला लागत आहे. दोन्ही पॅडची झीज असमान दिसली तर हा शेवटचा संशय जवळजवळ पक्का समजावा. पेडल सोडल्यावरही चाक जड फिरत असेल, तर पिस्टन अडकला आहे, मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र कचऱ्याने बुजले आहे, किंवा होज पाइप आतून सुजून द्रव परत येऊ देत नाही.

एक लक्षण मात्र चांगल्या मेकॅनिकलाही चकवते. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की घट्ट होते. साहजिकच हवा काढण्याचा खटाटोप पुनःपुन्हा होतो आणि दोष तसाच राहतो. अनेक जुन्या एटीव्हींत मागच्या अखंड अ‍ॅक्सलवर एकच डिस्क असते. अ‍ॅक्सलची बेअरिंग झिजली की खडबडीत वाटेवर डिस्क डगमगते आणि पॅडना मागे ढकलते; मग पहिला दाब ते अंतर भरून काढण्यातच खर्च होतो. मागची बाजू उचलून चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिले तर ही ढिलाई काही क्षणांत कळते. त्याच बेअरिंगजवळचे सील फाटले असेल तर ग्रीस थेट डिस्कवर येते. अशा स्थितीत नवे पॅडही लवकरच निकामी होतात आणि दोष पॅडच्या दर्जाला दिला जातो.

चाचणीची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. फोर व्हील ड्राइव्ह चालू असताना पुढच्या ब्रेकचा परिणाम मागच्या चाकांपर्यंत पोचतो आणि इंजिनचा रोधही मदतीला येतो; कमजोरी झाकली जाते. म्हणून सपाट, कोरड्या जागी, टू व्हील ड्राइव्हमध्ये, चालण्याच्या वेगाने आणि फक्त मागचा ब्रेक लावून पाहिले पाहिजे.

‘ब्रेक ऑइल’ या नावानेही बरेच नुकसान केले आहे. ते तेल नव्हे. डॉट ३ व डॉट ४ हे ग्लायकॉल वर्गातील द्रव असून ते हवेतील ओलावा शोषतात. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर डिस्क तापली की द्रवात बाष्प होते आणि ब्रेक ऐनवेळी मऊ पडतो. गाडी थंड झाल्यावर दोष सापडतच नाही. नावाला भुलून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतले किंवा सुटे भाग डिझेल-रॉकेलने धुतले, तर आतील रबरी सील फुगून निकामी होतात. कीटकनाशकांच्या ईसी प्रकारातील द्रावकही रबराला घातकच. टाकी भरताना होज पाइपवर सांडलेले औषध तसेच वाळू देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हवा काढताना नटाची तोटी कॅलिपरच्या सर्वांत वरच्या बाजूस असली पाहिजे, कारण हवा वर चढते. पेडल दाबलेले असतानाच तोटी उघडावी आणि पेडल सोडण्यापूर्वी घट्ट करावी.

हे सारे ज्ञान कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजात उपलब्ध आहे. उणीव आहे ती कार्यालयीन व्यवस्थेत. वाहनाच्या नोंदवहीत इंधन, तास आणि प्रवासाचे कारण लिहिले जाते. पेडल किती खोल गेले याला रकाना नसतो. गाडी चालवतो तो बहुधा हंगामी क्षेत्र-मदतनीस. त्याची तक्रार ‘काम टाळण्याचे निमित्त’ म्हणून ऐकली जाण्याचा धोका खराच आहे. सर्वेक्षणात त्याने मोजलेल्या अळ्यांची संख्या विश्वासार्ह मानायची आणि त्याच्या पायाला जाणवलेला मऊपणा मात्र नाही, ही विसंगती शास्त्रीय संस्थेला शोभत नाही. नोंदवहीत ‘घट्ट, मऊ, खाली जाणारे, दुसऱ्या दाबाला घट्ट’ असा चार पर्यायांचा एक रकाना वाढवावा. पहिला सोडून कोणताही पर्याय नोंदला गेला की प्रभारी अधिकाऱ्याने सही करेपर्यंत गाडीची किल्ली भांडारात जमा राहावी. खरेदीच्या मागणीपत्रातही ‘ब्रेक दुरुस्ती’ असे मोघम न लिहिता, डिस्कची मोजलेली जाडी आणि तिच्यावर कोरलेली किमान मर्यादा शेजारी शेजारी लिहावी.