घरोघरचें आरोग्य : रक्तदाब, खोकला आणि ज्ञानतंतूंचे दूत

रक्तदाबावर गोळी सुरू झाली आणि कांहीं दिवसांनीं कोरडा खोकला लागला, ही तक्रार अनेक घरांतून ऐकूं येते. ज्येष्ठमध चघळूनही उबळ थांबत नाहीं, तेव्हां घरांतील वडील माणूस आपल्याच विचारानें गोळी सोडून देतो. यांत दुहेरी चूक कशी होते, तें आज पाहूं.

रक्तवाहिनी ही नुसती नळी नव्हे. तिच्या भिंतींत स्नायु असतात. ते आवळले म्हणजे दाब चढतो, सैल पडले म्हणजे उतरतो. आवळण्याची आज्ञा ज्ञानतंतूंकडून येते, तसाच सैल पडण्याचा निरोपही कांहीं तंतूंच्या टोकांतून निघतो. तो वाहणारे दूत म्हणजे न्यूरोपेप्टाइड, अमिनो आम्लांच्या आंखूड सांखळ्या. त्यांतील ‘सब्स्टन्स पी’ फॉन ऑयलर व गॅडम यांस १९३१ सालीं घोड्याच्या मेंदूंत व आंतड्यांत सांपडला. त्यानें सशाचा रक्तदाब उतरला. पुढें ३७ अमिनो आम्लांचा ‘सीजीआरपी’ हा प्रबळ दूत हातीं लागला.

मग हेच दूत औषध म्हणून कां देत नाहींत? कारण ते पोटांत पचून जातात व रक्तांत थोडीं मिनिटेंच टिकतात. उलट, अर्धशिशीवर सीजीआरपीचें कार्य अडविणारें एरेन्युमॅब अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें, तेव्हां २०२० सालीं त्याच्या माहितीपत्रकांत रक्तदाब वाढण्याचा इशारा घालावा लागला.

आतां खोकल्याकडे वळूं. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या एका एन्झाइमास रोखतात. तें एन्झाइम वाहिन्या आवळणारें द्रव्य घडवितें, आणि ब्रॅडिकायनिन व सब्स्टन्स पी यांचा नाशही करितें. तें रोखल्यानें दाब उतरतो. परंतु न नासलेलीं हीं द्रव्यें श्वासमार्गांत सांचून उबळ आणतात, असें मानितात. म्हणजे हा खोकला कफाचा नव्हे, औषधाचा होय.

त्यावर उपाय गोळी सोडणें नव्हे, बदलणें हा आहे. लोसार्टन, टेल्मिसार्टन या वर्गांत असा खोकला क्वचित् होतो. तो बदल डॉक्टरांनींच करावयाचा. ओठ वा जीभ सुजल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गांठावें.

आणि ज्येष्ठमध? तें फार दिवस भरपूर घेतल्यास रक्तदाब स्वतःच चढवितें. गोळी बंद आणि ज्येष्ठमध सुरू, असें ज्या घरीं चाललें असेल, त्यांनीं हा अंक मिटून आधीं डॉक्टरांकडे जावें. चढता दाब दुखत नाहीं, म्हणूनच तो घातक.