फोटो मुक्त, पण कितपत?

गणपती झाले, दिवाळी झाली की मंडळाच्या फोटोंची देवाणघेवाण सुरू होते. पूर्वी प्रती काढून पाकिटातून पाठवायचो. आता एखाद्या मुक्त संकेतस्थळावर टाकले की काम झालं. मराठी विकिपीडियाला चित्रं हवीच असतात, तेव्हा टाकणाऱ्यांचं आम्हांला कौतुकच आहे. पण फोटो चढवताना परवान्याची जी ओळ समोर येते, ती न वाचता पुढे जायची आपल्याला भारी हौस. त्या ओळीवरून इथे चक्क कोर्टकचेरी झालेली आहे, आणि तीही फार लांब नाही. बुइटनव्हेल्डर्टच्या हमरस्त्याने उत्तरेला निघालं की पुढे पार्नासुसवेगवर ॲमस्टरडॅमचं न्यायालय लागतं, तिथल्याच न्यायाधीशांपुढे.

गोष्ट २००६ सालची. एम टीव्हीमुळे प्रसिद्ध झालेले ॲडम करी (आडनावावर जाऊ नका, आपल्या कढीशी संबंध नाही) यांनी घरच्या मंडळींचे फोटो फ्लिकरवर ठेवले होते. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: आमचं नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, फेरफार करून वाटलेत तर ह्याच अटींवर वाटा. 'वीकएंड' ह्या चटकदार बातम्यांच्या साप्ताहिकाने त्यांतले ४ फोटो न विचारता छापले. प्रकाशक ऑडॅक्सचं म्हणणं असं की, पानावर 'हा फोटो सार्वजनिक आहे' असं लिहिलं होतं, आमचा गैरसमज झाला. न्यायालयाने ते ऐकलं नाही. धंदा प्रकाशनाचा, तर परवाना नीट बघायला हवा होता. शंका आली तर करींना विचारायचं होतं. पुन्हा छापाल तर फोटोमागे १००० युरो, असं ९ मार्चला बजावण्यात आलं. भरपाई मात्र करींना मिळाली नाही.

इथवर ऐकून बरं वाटतं. पण करी जिंकले ते 'धंद्यासाठी नको' ह्या अटीवर, आणि विकिमीडिया कॉमन्सवर नेमकी तीच अट चालत नाही! तिथे मुक्त म्हणजे कोणीही, कशासाठीही, पैसे कमावायलासुद्धा. म्हणजे मुलीचा लेझीम खेळतानाचा फोटो तिथे टाकलात, तर उद्या एखादा मिठाईवाला तो खोक्यावर छापू शकेल. फोटो काढणाऱ्याचं नाव आणि परवाना लिहिला की परवान्यापुरतं त्याचं कर्तव्य संपलं. दिलेला परवाना परत घेता येत नाही. चेहऱ्याचा हक्क निराळा आहे. डच कायद्यात, रास्त कारण असेल तर, ज्याचा चेहरा त्याला हरकत घेता येते. पण ते भांडण आपल्याला भांडावं लागतं. म्हणून आमचं मत असं की मखर, रांगोळी, मोदकांची ताटं खुशाल टाका. पोराबाळांचे चेहरे घरच्या अल्बममध्येच बरे, आणि दुसऱ्यांची पोरं असतील तर आधी त्यांच्या आईबाबांना विचारा.

परवाना देणार कोण, हाही प्रश्न आहेच. आपण फोटोत आहोत म्हणून फोटो आपला होत नाही, तो काढणाऱ्याचा. भारतात १९५७च्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. इथे तसं नाही. मंडळाने फोटोग्राफरला मानधन दिलं तरी हक्क त्याच्याकडेच राहतो, हवा असेल तर लेखी लिहून घ्यावा लागतो. कार्यक्रमाआधी एक कागद, एक सही, एवढंच काम आहे.

अंकाच्या मुखपृष्ठासाठी चित्र हवं असेल तर इतकीही दगदग नको. राइक्सम्युझियमने २०१२ साली १,२५,००० कलाकृतींच्या उत्तम प्रती सर्वांना खुल्या केल्या. व्हर्मीर १६७५ साली वारला, त्याची दूध ओतणारी बाई बिनधास्त घ्या. लक्ष्मी हवी असेल तर राजा रविवर्मा १९०६ साली वारले. चित्रकारामागे भारतात ६० वर्षं आणि इथे ७०, दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. फक्त त्यांच्या नावाच्या छापखान्याची नंतरची चित्रं पुष्कळदा दुसऱ्याच चित्रकारांची असतात, तेव्हा खालची सही तेवढी बघून घ्या.