शिरूर-दौंडची खाद्यफेरी

मोठ्या शहरांतून हल्लीं एक रीत रूढ झाली आहे. दहाबारा हौशी मंडळींनीं ठरल्या वेळीं एकत्र जमावें, एखाद्या माहितगार माणसास शुल्क द्यावें आणि त्याच्या मागोमाग पायीं हिंडत गांवचे नामांकित पदार्थ चाखावे. पुण्याच्या पेठांतून अशा खाद्यफेऱ्या निघत असतात. रीत वाईट नव्हे. परंतु बहुतेक फेऱ्यांत एका दुकानीं खाल्लें कीं लगेच दुसरें दुकान गांठावयाचें, एवढेंच घडतें. घांस आला कोठून, हें वाटाड्या सांगत नाहीं व कोणी विचारीतही नाहीं. म्हणून या वेळीं वाचकांस पेठांच्या बाहेर, पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास असलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांत नेण्याचा विचार आहे. येथील खाणें दुकानांत थोडें. तें रानांत, गुऱ्हाळांत आणि घरच्या चुलीपाशीं अधिक.

शिरूर हें घोडनदीच्या कांठचें गांव. जुनीं माणसें गांवालाही घोडनदीच म्हणतात. एके काळीं येथें इंग्रजांची छावणी होती. त्या काळचा कर्नल वॉलेस १८०९ सालीं वारला. त्याचें थडगें येथें आहे. आसपासचे गांवकरी त्यास सत्पुरुष मानीत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्या थडग्यापुढें ठेवीत, अशी नोंद १८८५ च्या पुणें जिल्हा गॅझेटियरमध्यें आहे. ब्राह्मण व मारवाडी वाणी मात्र या पूजेंत नसत, हेंही गॅझेटियरकारानें टिपून ठेवलें आहे! परमुलखांतल्या मृत शिपायालाही नव्या धान्याचा पहिला घांस देणारा हा मुलूख. फेरीचा आरंभ तेथूनच व्हावा.

शिरूरकडचा खरा मानाचा पदार्थ मासवडी. जुन्नर-आंबेगांवापासून इकडे तिचें राज्य आहे. नांव ऐकून सोवळ्यांतल्या मंडळींनीं दचकूं नये; तींत मासा नाहीं, केवळ माशाच्या तुकड्यासारखा आकार आहे. बेसन घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापावयाचें, त्यावर भाजलेले तीळ, सुकें खोबरें, कांदा व लसूण यांचें सारण पसरावयाचें आणि फडक्याच्याच आधारानें वळकटी करून वड्या पाडावयाच्या. सोबत झणझणीत रस्सा व बाजरीची भाकरी. चातुर्मास पाळणाऱ्या घरांनीं अर्थात् कांदेनवमीनंतर कार्तिकीपर्यंत धीर धरावा. पीठ गरम आहे तोंच थापावें लागतें, आणि तें काम बोटें पोळून घेतल्यावांचून होत नाहीं. यास्तव फेरी ठरवितांना वाटाड्यास आधींच विचारावें, कीं आपण दिलेल्या पैशांतून मासवडी करणाऱ्या बाईच्या हातीं किती पडतात. उत्तर देतांना तो घुटमळला तर दुसरा वाटाड्या पाहावा.

पौष-माघांत गेल्यास हुरडा मिळतो. ज्वारीचा दाणा हिरवा व कोंवळा असतांना कणसें गोवऱ्यांच्या आगटींत भाजतात, हातावर चोळून दाणे काढतात आणि चटणी, दही, गूळ यांबरोबर खातात. हुरड्याच्या मेजवान्या आतां तिकिटानेंही मिळतात. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गें चौफुल्याकडे जाणारी सडक धरावी. हें अंतर अर्थात् गाडीनेंच जावयाचें. भीमा ओलांडून पारगांव-केडगांवच्या बाजूस आलें कीं मुलूख बदलतो. ज्वारी-बाजरीच्या जागीं ऊसच ऊस. खडकवासल्याचा कालवा याच दौंड तालुक्यांतून पुढें जातो. पाणी पोंचलें तेथें ऊस आला, न पोंचलें तेथें भाकरी राहिली. ताटांतला हा फरक वाटाड्यानें शेताच्या बांधावर उभें राहून दाखवावा.

फेरीचा गाभा म्हणजे गुऱ्हाळ. चरकांतून निघालेला रस मोठ्या काहिलींत पडतो. खालीं चुलाणांत वाळलेलीं चिपाडें धडधडत असतात. रस तापला कीं मळी वर येते, ती झाऱ्यानें काढीत राहावयाचें. मळी सुटावी म्हणून भेंडीच्या खोडांचा चिकट रस घालण्याची जुनी रीत आहे. आटतां आटतां काकवी होते आणि पुढें गुळाची वेळ येते. ती वेळ घड्याळावर कळत नाहीं. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यांत टाकतो, बोटांनीं त्याची गोळी वळून पाहतो आणि मग काहील उतरवावयास सांगतो. एवढी पारख ज्याच्या बोटांत आहे, त्याला शहरांत कोणी नांवानें ओळखत नाहीं.

येथेंच वाटाड्याची परीक्षा आहे. निव्वळ रसाचा गूळ सहसा तपकिरी होतो. गिऱ्हाइकास मात्र पिवळाधमक पाहिजे. संक्रांतीच्या तिळगुळाला रंग यावा हा हट्ट घराघरांतून आहे. तो रंग आणण्यासाठीं कांहीं ठिकाणीं रसांत हायड्रोस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, घालतात. कोठें स्वस्त साखर मिसळतात. दौंड तालुक्यांतील गुऱ्हाळांवर अन्न व औषध प्रशासनानें कारवायाही केल्या आहेत. चुलाणांत चिपाडांऐवजीं टाकाऊ रबर-प्लास्टिक जाळतात, अशा तक्रारीही वृत्तपत्रांतून येतात. तेव्हां काकवीची वाटी तोंडाला लावण्यापूर्वीं काहिलीशेजारचे डबे आणि चुलाणापुढचा ढीग पाहावा. प्रामाणिक गुऱ्हाळवाला तें दाखविण्यास कचरत नाहीं; अशा ठिकाणीं चार पैसे अधिक देऊन तपकिरी ढेपच घ्यावी. घरांत वर्षाचा गूळ भरण्याचें काम ज्यांच्याकडे आहे, त्या सासवासुनांनीं या फेरींत पुढें असावें. पुरुषमंडळींनीं पिशव्या धराव्या.

अखेर दौंड. पुण्याहून बार्शी रोडकडे लोहमार्ग १८५९ सालीं झाला आणि १८७८ सालीं मनमाडचा फांटा निघून हें गांव जंक्शन बनलें. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचें इंजिन येथें एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास लावावें लागे, आणि तेवढ्या अवकाशांत उतारू फलाटावर चहा-वडा उरकून घेत. अलीकडे कॉर्ड मार्ग झाल्यापासून पुष्कळ गाड्या मुख्य स्थानकांत न शिरतांच परभारें पुढें जातात. त्या फलाटावर ज्यांचीं पोटें चालत त्यांचें काय झालें, हेंही वाटाड्यास विचारण्याजोगें आहे.

सबंध फेरीस दोन दिवस ठेवावे आणि मुक्काम शिरूरास करावा. दुसऱ्या दिवशीं पहाटेंच निघावें; उन्हें चढलीं कीं चुलाणाशेजारीं उभें राहवत नाहीं. पायांत जाड वहाणा असाव्या, आणि काहिलीपाशीं मुलांचा हात सोडूं नये.