विश्लेषण : फॉल्स सीलिंगला वर्षभरातच तडे का जातात?

मुंबई-पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये जिप्सम बोर्डचे फॉल्स सीलिंग आता सर्रास दिसते. रंग लागला की छत एकसंध, गुळगुळीत वाटते. मात्र एखादा पावसाळा सरतो आणि सरळ रेषेत केसासारख्या भेगा उमटू लागतात. दोष बोर्डाला दिला जातो. प्रत्यक्षात दुखणे बहुतेकदा दोन बोर्डांमधल्या जोडाचे असते आणि त्याचे मूळ कोटेशनमध्ये सापडते.

जोड कशाच्या बळावर टिकतो?

बाजारातला नेहमीचा बोर्ड ६ बाय ४ फुटांचा, साडेबारा मिलिमीटर जाडीचा असतो. १२ बाय १२ फुटांच्या खोलीला असे ६ बोर्ड लागतात. म्हणजे छतात किमान ३६ फूट लांबीचे जोड आले. ऊन, दमट हवा आणि इमारतीची बारीक हालचाल यांमुळे सांगाडा व बोर्ड किंचित सरकत राहतात. फटीत नुसती पुट्टी किंवा पीओपी भरले तर ते कडक होते आणि ताण येताच तडकते. ताण झेलते ती टेप. सुमारे दोन इंच रुंदीची कागदी पट्टी ओल्या जॉइंटिंग कंपाउंडमध्ये दाबून बसवतात. काँक्रीटमध्ये सळई जे काम करते, तेच इथे ही पट्टी करते.

बोर्डाच्या लांब कडा कारखान्यातच थोड्या उतरत्या केलेल्या असतात. त्यामुळे दोन बोर्ड शेजारी आले की उथळ खाच तयार होते आणि टेप व कंपाउंड तीत सामावतात. आखूड किंवा कापलेल्या कडांना ही खाच नसते. तिथे कंपाउंड दीड फुटापर्यंत पसरवून उंचवटा लपवावा लागतो. हे सगळ्यात कौशल्याचे काम.

चुकते कुठे?

नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. टेप गाळून थेट पुट्टी मारणे. जाळीची चिकट टेप कोरडीच लावून वरून एक हात फिरवणे. टेपखाली कंपाउंड कमी पडले की फुगा येतो. तीन पातळ थरांऐवजी एकच जाड थर दिला की तो वाळताना आकसतो. चार बोर्डांचे कोपरे एकाच बिंदूवर आणले की भेगेला आयती जागा मिळते. शिवाय पाणी उडून वाळणाऱ्या कंपाउंडचा प्रत्येक थर साधारण एक दिवस मागतो. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून अधिक. दिवाळीआधी गृहप्रवेश ठरलेला असेल तर नेमके हेच दिवस कापले जातात. सांगाडाच कमकुवत असेल तर चांगली टेपही टिकत नाही, हेही खरे. पण तडा नेमका जोडाच्या रेषेत असेल, तर आधी संशय जोडावरच घ्यायला हवा.

यंत्रे आणली तर?

अमेरिकेत यासाठी खास अवजारे आहेत. ‘बझुका’ नावाची लांब नळी टेप आणि कंपाउंड एकाच वेळी जोडावर सोडते. कंपाउंड भरलेली चपटी पेटी लांब दांड्याने छतावर फिरवली की सारख्या रुंदीचा थर बसतो. काम झपाट्याने होते. पण थर वाळायला लागणारा वेळ यंत्राने कमी होत नाही. तिथून घेण्याजोगा धडा वेगळाच आहे. तिथे बोर्डाच्या फिनिशला शून्य ते पाच अशा पातळ्या आहेत आणि कोणती पातळी हवी हे कामाआधी ठरवता येते. आपल्याकडे बोर्डासाठी आयएस २०९५ हे मानक आहे, ग्राहक बोर्डाचा ब्रँडही विचारतो. जोडाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

दोष कारागिराचा का?

पूर्णपणे नाही. सीलिंगचा दर सहसा चौरस फुटावर ठरतो. बोर्ड ठोकला की चौरस फूट दिसतो. जोड दिसत नाही. त्याच जोडासाठी कारागिराला तीन वेळा घोडीवर चढावे लागते, मधले दिवस थांबावे लागते आणि त्याचे वेगळे दाम मिळत नाही. घाई तिथेच शिरते. घासकामाची धूळ तर थेट त्याच्या तोंडावर पडते. या धुळीत सिलिकाही असू शकते, असा इशारा अमेरिकेच्या ‘नायोश’ या संस्थेने १९९९ मध्येच दिला होता. जाड, ओबडधोबड थर म्हणजे जास्त घासकाम. म्हणजे जास्त धूळ. नीट भरलेला जोड घराइतकाच कारागिराच्या छातीलाही मानवतो.

काय बदलायला हवे?

कोटेशनमध्ये जोडाची स्वतंत्र ओळ हवी : एकूण किती फूट, कोणती टेप, किती थर, वाळायला किती दिवस. मास्क आणि लांब दांड्याचे घासण्याचे अवजार यांचा खर्चही त्यातच धरावा. टेप बसल्यावर, पुढचा थर चढण्याआधी घरमालकाने मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावेत. रंगाआधी दिवे बंद करून टॉर्च छताला लागून आडवा धरला की उंचवटे आणि फुगे लगेच दिसतात. त्यानंतरच शेवटचा हप्ता द्यावा. यात चार-पाच दिवस आणि थोडे पैसे जास्त जातील. पण भेगा पडल्यावर सामान झाकून, जोड खरवडून, पुन्हा टेप लावून अख्ख्या छताला रंग देण्याचा खर्च त्याहून मोठा असतो. चौरस फुटाचा दर कमी करून घेताना कात्री कुठे लागते, हे ग्राहकाने आधीच विचारलेले बरे.